दर दसऱ्याला बंद पडणारी फियाट

देवदत्त कर्णिकांना तुम्ही नमस्कार केलात तर ते उलट नमस्कार करतील, पण नजर तुमच्या स्कूटरच्या मडगार्डवर असेल. ‘हे कुठे ठोकलंत?’ हा त्यांचा पहिला प्रश्न आणि ‘चूक कोणाची होती?’ हा दुसरा. सगळी नोकरी विमा कंपनीत गेली, तीही अपघाताचे दावे तपासण्यात. चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघून आणि धडधाकट माणसांच्या थापा ऐकून त्यांचं एक मत कायमचं झालं होतं. जगात आपोआप काही बिघडत नाही, कोणीतरी बिघडवतं. तो कोणीतरी सापडला की कर्णिकांना बरं वाटायचं. तो कोणीतरी आपणच असू, अशी शंका त्यांना नोकरीत कधी आली नाही आणि घरात तर नाहीच नाही.

मुलुंड पूर्वेला त्यांची जुनी, तीन मजली सोसायटी. मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीला चिकटून, लोखंडी शटरचं एक गॅरेज. त्या गॅरेजात त्यांच्या वडिलांची डुक्कर फियाट. हे नाव कोणी चेष्टेने दिलेलं नाही, त्या गाडीला सगळी मुंबई तेच म्हणायची. पुढून बघितलं की का म्हणायची ते कळतं. वडील, म्हणजे अण्णा, डॉक्टर होते आणि या गाडीतून व्हिजिटला जायचे. रंग पिस्त्याचा, आत लाल सीट. अण्णा गेले, शटर खाली आलं, आणि गाडी आत कित्येक वर्षं धूळ खात पडली.

निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. कर्णिक गॅरेजात गेले. शटर वर केलं, मागच्या सीटमधून उंदरांचं एक अख्खं कुटुंब बाहेर पडलं, आणि कर्णिकांनी त्याच दिवशी जाहीर केलं की ही गाडी मी स्वतःच्या हाताने रस्त्यावर आणणार. बायको जयंतीने विचारलं, किती दिवस लागतील. कर्णिक म्हणाले, सहा महिने. जयंतीबाईंनी त्या सहा महिन्यांची आठवण नंतर इतक्या वेळा काढली की शेवटी त्यांनाच कंटाळा आला.

आता त्रास म्हणजे काय ते सांगायला हवं. रबर मिळे तर मापाचं नसे. मापाचं मिळे तर ते अण्णांच्या वयाचं असे. कुर्ल्याच्या भंगारवाल्याने ‘ओरिजिनल, साहेब’ म्हणून दिलेला पेट्रोल पंप भलत्याच गाडीचा निघाला. लेथवाल्याने करून दिलेली पट्टी उलट्या बाजूने वाकवलेली होती आणि वर तो म्हणाला की गाडीच उलटी असेल. घाटकोपरचा खंडू मेकॅनिक सुरुवातीला उत्साहाने यायचा. मग फोनवर यायचा. मग फोनवरही येईनासा झाला. कर्णिकांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजायचे, हाताला येणारा वास भाताच्या घासाबरोबर पोटात जायचा, आणि पाठ तर इतकी धरायची की मोजे घालताना भिंतीचा आधार लागायचा. तरी त्यांनी ब्रेक केले, टायर बदलले, पत्रा ठोकला, रंग दिला. कागदपत्रं विमावाल्याच्या शिस्तीने ताजी ठेवली. अडलं होतं ते फक्त इंजिनाशी.

इंजिनाच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता. आधी इंजिन धडपणे चालू दे, बाकी सगळं नंतर. म्हणून रेडिएटर पहिल्याच वर्षी काढला, दुरुस्त करून आणला आणि वर घरी गॅलरीत ठेवला. दोन-चार मिनिटं इंजिन चालवून बघायला रेडिएटर लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. जयंतीबाईंनी त्या रेडिएटरवर मनीप्लांटची कुंडी ठेवली. ती आता चांगली फोफावली होती.

आणि दसरा. गाडी सुरू करण्याचा मुहूर्त दसऱ्याचाच, हे अण्णांच्या वेळेपासून ठरलेलं. अण्णा दसऱ्याला गाडीची पूजा करायचे आणि मग सगळ्यांना घेऊन एक फेरी मारायचे. कर्णिकांचा पूजेवर तसा विश्वास नव्हता, पण मुहूर्तावर होता. वर्षभर खपून ते इंजिन दसऱ्याच्या आधी तयार करत. नवमीला किल्ली फिरवत. इंजिन लागे, छान गुणगुणे, कर्णिक घरी येऊन दोन पोळ्या जास्त खात. दसऱ्याला पूजा होई, किल्ली फिरवली जाई, इंजिन लागे, दोन मिनिटं चाले, मग खोकायला लागे, आणि बंद. मग तोंडात सोनं घातलं तरी चालू होत नसे. दर वर्षी असंच होई.

दर वर्षी कर्णिकांना नवा आरोपी सापडे. पेट्रोलमध्ये पाणी आहे हे त्यांच्या पहिल्याच वर्षी लक्षात आलं. पहिल्या वर्षी ते पेट्रोल पंपावर जाऊन भांडले. तिथला माणूस सगळं ऐकून घेऊन म्हणाला, ‘काका, बाकीच्या गाड्या गेल्या ना याच पेट्रोलवर?’ दुसऱ्या वर्षी त्यांनी पेट्रोल मालाडहून, मेव्हण्याच्या ओळखीच्या पंपावरून, कॅनमध्ये आणलं. तरी तेच. मग दोष हल्लीच्या पेट्रोलचा ठरला, ते म्हणे हवेतलं पाणी ओढतं. मग गॅरेजच्या छताचा ठरला. छतावर ताडपत्री आली. मग पाण्याच्या टाकीमुळे गॅरेजात दमट हवा असते म्हणून त्यांनी सोसायटीच्या सभेत टाकीविरुद्ध ठराव मांडला. सेक्रेटरीने विचारलं की टाकी हलवून सगळ्यांनी काय प्यायचं, तुमचं पेट्रोल? लोक हसले. कर्णिक त्या सभेपासून सेक्रेटरीशी बोलत नव्हते.

पूजा करायची ती नीलाताई. कर्णिकांची मोठी बहीण, शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेली. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कोणाची छाती नव्हती. राहायला भावाकडेच. लहानपणी या गाडीत देवदत्त, ताईचा ‘देवा’, पुढे, अण्णांच्या मांडीवर, स्टिअरिंगला हात लावून बसायचा आणि नीला मागे आईजवळ. पण एक काम तिचं होतं. फियाट चढावर तापायची, म्हणून निघण्याआधी अण्णा बॉनेट उघडायचे आणि नीला पितळी गडवाने रेडिएटरमध्ये पाणी घालायची. गाडीला पाणी पाजायचं काम तुझं, असं अण्णांनीच तिला सांगितलं होतं. दसऱ्याला त्या गडवात पूजेचं तीर्थ असायचं, तुळशीचं पान टाकलेलं, वर चार अक्षता. ते गाडीच्या पोटात गेलं की अण्णा झाकण लावत म्हणायचे, ‘झालं. पोट भरलं हिचं.’ त्यानंतरच गाडी निघायची.

तर गेली काही वर्षं दसऱ्याला नीलाताई ताट घेऊन खाली यायच्या, तेव्हा कर्णिक बहुधा गाडीखाली असत किंवा इंजिनात डोकं घालून. नीलाताई हळदकुंकू लावत, झेंडूची माळ घालत, चाकाखाली लिंबू ठेवत. पान्यांना आणि स्क्रूड्रायव्हरनासुद्धा कुंकू लागे. अधूनमधून त्या काहीतरी विचारत. कर्णिक खालून काहीतरी उत्तर देत, बहुतेक वेळा ‘लवकर आटप, ताई’ असं.

यंदाचा दसरा मात्र वेगळा होता. सोसायटी पाडून नवा टॉवर उभा राहणार होता. करार झाले होते, दिवाळीआधी घरं रिकामी करायची होती, आणि गॅरेज तर त्याही आधी, कारण बिल्डरला तिथूनच यंत्रं आत आणायची होती. कर्णिकांनी भाड्याने घेतलेल्या घराला पार्किंग नव्हतं. मुलगी रेवती रेल्वेच्या पलीकडे, मुलुंड पश्चिमेच्या एका टॉवरमध्ये राहायची. तिच्याकडे एक पार्किंग मोकळं होतं. पण तिथल्या कमिटीचा कायदा कडक. चालू स्थितीतलीच गाडी आत येईल, ओढून आणलेली नाही. रेवतीने खूप गोड बोलून पाहिलं. कमिटी हलली नाही.

म्हणजे फियाट स्वतःच्या चाकांवर पुलावरून पलीकडे गेली तर घरची राहणार, नाहीतर बाळाशेठची होणार. बाळाशेठचं गोराईला छोटंसं रिसॉर्ट. भंगारवाल्याच्या ओळखीने ते गाडी बघायला आले, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, ‘साहेब, झकास आयटम आहे. माडांच्या मधी ठेवतो. इंजिन काढायचा, आत माती भरायची, बोगनवेल लावायची. लोक सेल्फी काढतील.’ कर्णिकांनी पुढे होऊन गाडीचं दार लावलं. पण गाडी भंगारात तोडली जाण्यापेक्षा ते बरं, असं घरात सगळ्यांचं मत पडलं. कर्णिकांनी शब्द दिला. दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी टेम्पो घेऊन या. तोवर ही आपल्या पायांनी फाटकाबाहेर पडली नाही तर तुमची. ते त्यांनी सेक्रेटरीच्या देखत सांगितलं, कारण सेक्रेटरीची त्यांना खोड मोडायची होती.

नवमीला इंजिन लागलं. कर्णिकांनी डोळे मिटून ऐकलं. कसलाही आवाज नाही, फट् नाही, खरखर नाही. त्या संध्याकाळी ते सेक्रेटरीशीसुद्धा दोन वाक्यं बोलले.

दसऱ्याला पूजा झाली. जयंतीबाई, रेवती, सोसायटीतले चार-पाच जण जमले होते. किल्ली फिरवली. इंजिन लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तसं इंजिन खोकलं, गाडी सगळी थरथरली, आणि बंद पडली. कर्णिकांनी बॅटरी उतरेपर्यंत किल्ली फिरवली. लोक एकेक करून पांगले, जाताना एकमेकांना सोनं देत. सेक्रेटरीने कर्णिकांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि काही न बोलता गेला. तो बोलला असता तर बरं झालं असतं, असं कर्णिकांना वाटलं. त्यांनी हातातला पाना शटरवर फेकून मारला. शटरचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला.

राग आला होता, पण राग यायला समोर कोणी तरी लागतं, आणि आता त्यांच्याकडे कोणी शिल्लक नव्हतं. पंपवाला झाला, पेट्रोल झालं, छत झालं, टाकी झाली. आपल्याला हे जमणारच नव्हतं, हा विचार पहिल्यांदा मनात आला आणि तो त्यांना अजिबात सहन होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गॅरेजात गेले ते गाडीचा निरोप घ्यायलाच. गाडी टेम्पोवर चढवायची तर टाकीत पेट्रोल नको, म्हणून टाकी खाली उतरवली. एरवी टाकी धुवायला ते ती खंडूकडे किंवा आणखी कोणाकडे पाठवत. आता कशाला पाठवायची? एका बादलीवर जुना पंचा बांधला आणि टाकी हळूहळू कलती करत रिकामी केली. पेट्रोल निथळून गेलं, मग पाणी आलं, मग गंजाचा चिखल. पंच्यावर तांबूस गाळ उरला. कर्णिक तो झटकायला गेले आणि थांबले.

गाळात तुळशीचं पान होतं. अजून हिरवं. त्याच्याजवळ फुगलेले चार-दोन तांदळाचे दाणे, कुंकवाने अजून गुलाबी.

पान तळहातावर घेऊन कर्णिक तसेच वर गेले. पेट्रोलचे थेंब जिन्यात पडत होते. नीलाताई स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसल्या होत्या. कर्णिकांनी पान त्यांच्यासमोर ओट्यावर ठेवलं.

‘ताई, काल तीर्थ कुठे घातलंस?’

‘गाडीत.’

‘गाडीत कुठे?’

‘मागचं झाकण आहे ना, त्यात. दर वर्षी घालते तिथेच.’

कर्णिकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज चढला. ती पेट्रोलची टाकी आहे, हे शाळेत शिकवणाऱ्या बाईला कळू नये? वास आला नाही? इतकी वर्षं मी मरमर मरतोय, पंपवाल्यांशी भांडतोय, लोकांत हसं करून घेतोय, आणि तू वर्षाच्या वर्षाला येऊन त्यात गडवाभर पाणी ओततेस? जयंतीबाई आतून धावत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

नीलाताईंनी हातातली शेंग सोलून संपवली. मग बोलल्या, आणि त्यांचा आवाज चढला नाही.

‘पहिल्या वर्षी मी बॉनेट उघडायला सांगितलं. तू म्हणालास, रेडिएटर काढलाय, वर आहे. मी विचारलं, मग तीर्थ कुठे घालू? तू गाडीखाली होतास. म्हणालास, घाल कुठेही, माझं डोकं नको खाऊ. मी विचारलं, मागच्या झाकणात घालू? म्हणालास, हो, घाल. मला काय माहीत, देवा? वाटलं, आता पाणी तिकडून जात असेल. तुझी गाडी, तुला माहीत. वास येतोच पेट्रोलचा. तुझ्या गॅरेजात कशाला येत नाही?’

कर्णिकांना आठवलं. वाक्य आठवलं नाही, आवाज आठवला. पायाशी येऊन थांबलेली ताईची जुनी चप्पल आठवली. त्या चपलेकडे बघून आपण हो म्हणालो होतो. त्यानंतर दर वर्षी ती चप्पल येऊन थांबे, वरून काहीतरी विचारलं जाई, आणि आपण हो म्हणत असू.

‘म्हणजे दर वर्षी मीच बंद पाडली ती,’ नीलाताई म्हणाल्या. त्यांनी ते पान उचललं, नळाखाली धुतलं, आणि आता त्याचं काय करायचं ते न कळून हातातच ठेवलं. ‘अण्णांची गाडी.’ मग उठून त्या आपल्या खोलीत गेल्या. शेंगा तशाच राहिल्या.

इतक्या वर्षांनी तो कोणीतरी सापडला होता. पुराव्यासकट, कबुलीसकट. अशी प्रकरणं नोकरीत क्वचित मिळत. अशा वेळी कर्णिकांना बरं वाटायला हवं होतं. ते बराच वेळ ओट्याला टेकून उभे राहिले आणि बरं काही वाटेना. जयंतीबाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि शेंगांचं ताट पुढे ओढून घेतलं.

रविवारपर्यंत वेळ होता, आणि आता काय करायचं ते माहीत होतं. कर्णिकांनी टाकी धुतली, वाळवली, पुन्हा धुतली. कार्ब्युरेटर उघडून साफ केला. नवं पेट्रोल आणलं, ते जवळच्या, पहिल्या वर्षी भांडलेल्या पंपावरून, तिथल्या माणसाकडे न बघता. मनीप्लांटची कुंडी खाली ठेवून रेडिएटर आणला आणि बसवला. पण मनातलं जळणं जात नव्हतं. ते ताईवर चिडले होते, आणि ताईवर चिडल्याबद्दल स्वतःवर चिडले होते, आणि त्या दोन्हीपेक्षा जास्त त्या एका ‘हो’वर. त्या दोन दिवसांत बहीणभावात एक शब्द झाला नाही. शनिवारी इंजिन लागलं. बंद पडलं नाही. कर्णिकांनीच ते बंद केलं, आणि वर येऊन कोणाला सांगितलंही नाही.

रविवारी सकाळी टेम्पो फाटकाशी हजर होता. बाळाशेठ खुशीत होते, सोबत दोरखंड आणि दोन माणसं. कर्णिकांनी रेडिएटरमध्ये पाणी स्वतःच घातलं, घाईघाईत, प्लॅस्टिकच्या बाटलीने. ताईला बोलवावं असं क्षणभर मनात आलं होतं. पण गाडीच्या कुठल्याही झाकणाजवळ ती आता नको, असंही मनात आलं, आणि हा दुसरा विचार जिंकला.

गाडी सुरू करून त्यांनी ती फाटकापर्यंत आणली तेव्हा नीलाताई तिथे उभ्या होत्या. अंगावर चांगली साडी, हातात पितळी गडू, झाकण लावलेला. न बोलवता आल्या होत्या. मागचं दार उघडायला गेल्या.

‘मागे कुठे बसतेस?’ कर्णिक वैतागून म्हणाले. ‘मागची सीट उंदरांनी खाल्लीय. पुढे बस.’

नीलाताई पुढे बसल्या. अण्णांच्या गाडीत पुढे बसण्याची त्यांची ती पहिलीच वेळ.

गाडी फाटकाबाहेर पडली. सेक्रेटरी गॅलरीतून बघत होता. बाळाशेठनी टेम्पो काही परत नेला नाही. ‘मी येतो ना मागून, साहेब. समजा पुलावर राहिली तर?’ असं हसत म्हणाले आणि मागोमाग निघाले. आरशात तो टेम्पो बघून कर्णिकांचं डोकं आणखी तापलं. रिक्षावाले डाव्या बाजूने घुसत होते, स्कूटरवरची पोरं फोन काढून गाडीचा फोटो घेत होती. कर्णिक प्रत्येकाला काच खाली करून बोलत होते. गिअर दुसऱ्यात अडकत होता, त्यालाही बोलत होते.

पुलाचा चढ सुरू झाला आणि तापमानाचा काटा वर सरकायला लागला. कर्णिकांनी तो बघितला आणि काच वर केली. अर्ध्या चढावर बॉनेटच्या फटीतून वाफ आली. पूल संपायच्या थोडं आधी इंजिन धापा टाकत थांबलं.

मागे हॉर्नचा कल्लोळ झाला. टेम्पो मागे येऊन थांबला, बाळाशेठ उतरले. त्यांच्या हातात दोरखंड होता. चेहऱ्यावर खरोखरची हळहळ होती, आणि ती बघून कर्णिकांना जास्तच संताप आला. ‘जाऊ द्या ना, साहेब,’ बाळाशेठ म्हणाले. ‘लय लांब आणलीत.’

कर्णिकांनी बॉनेट उघडलं. वाफेचा लोट अंगावर आला. ते मागे सरले, आणि सवयीने, रागाने, त्यांच्या डोक्यात तोच प्रश्न उभा राहिला. चूक कोणाची? शेजारी नीलाताई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी रेडिएटरकडे बघितलं. याच रेडिएटरसमोर त्या लहानपणी चवड्यांवर उभ्या राहायच्या.

‘सकाळी पाणी कोणी घातलं?’ त्यांनी विचारलं.

बाळाशेठ दोरखंड घेऊन उभे होते, मागचा बसवाला खिडकीतून ओरडत होता.

‘मी,’ कर्णिक म्हणाले. ‘घाईत घातलं. आतली हवा निघू दिली नाही, पाणी पुरतं भरलंच नाही. माझी चूक.’

नीलाताईंनी मान हलवली. वाफ बसेपर्यंत दोघं उभी राहिली. बसवाला ओरडून ओरडून थकला आणि बाजूने बस काढून गेला. कर्णिकांनी रुमाल गुंडाळून झाकण सैल केलं, थांबले, मग काढलं. नीलाताईंनी गडूचं झाकण बाजूला केलं. आत नुसतं पाणी होतं. पान नाही, अक्षता नाहीत. त्यांचा हात पुढे आला आणि मधेच थांबला.

‘देवा,’ त्या म्हणाल्या, ‘कुठे घालू?’

कर्णिकांनी मान वर केली. खूप वर्षांनी त्यांनी हा प्रश्न विचारणारा चेहरा बघितला. चष्म्याच्या काचेवर वाफ जमली होती आणि डोळ्यांत भीती होती. ताई कशाला तरी घाबरते हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी तिचा हात मनगटाशी धरला आणि गडू रेडिएटरच्या तोंडावर आणला.

‘इथे,’ ते म्हणाले. ‘मी धरलंय. हळू घाल.’

पाणी आत गेलं. बुडबुडे वर आले. थांब म्हणाले, ती थांबली. घाल म्हणाले, तिने घातलं. तेवढा वेळ कर्णिक फक्त तिच्या हाताकडे बघत होते. पाणी काठाला आलं तेव्हा त्यांनी झाकण बसवलं आणि फिरवून घट्ट केलं.

‘झालं,’ ते म्हणाले. ‘पोट भरलं हिचं.’

आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं नाही. नीलाताईंच्या आलं. त्या जाऊन पुढच्या सीटवर बसल्या.

पहिल्या वेळी किल्ली फुकट गेली. दुसऱ्या वेळी इंजिन लागलं. बाळाशेठनी क्षणभर ऐकलं, दोरखंड गुंडाळून टेम्पोत टाकला आणि ओरडून सांगितलं की साहेब, कधी गोराईला आलात तर याच गाडीने या. मग ते पहिल्या वळणावरून निघून गेले.

रेवतीच्या टॉवरच्या फाटकाशी वॉचमन आडवा आला. त्याला सूचना होत्या. गाडीच्या तोंडाकडे, मग आतल्या दोन म्हाताऱ्या माणसांकडे बघून त्याने विचारलं, गाडी चालू आहे ना? कर्णिक तोंड उघडणार तेवढ्यात नीलाताईंनी काच खाली केली.

‘कान आहेत ना तुला?’ त्या म्हणाल्या. ‘मग ऐक.’

वॉचमनने ऐकलं आणि फाटकाचा आडवा दांडा वर केला. गाडी खाली जाऊन रेवतीच्या जागेवर लागली. कर्णिकांनी इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि तो नीट लागत नाही म्हणून पुन्हा वैतागले. गडू अजून नीलाताईंच्या मांडीवर होता, आणि त्यात घोटभर पाणी उरलं होतं.